कंठीतला पाहुणा

आमच्या शैलजानं सगळी नोकरी गारगोटीच्या एसटी स्टँडवर काढली. वाहतूक नियंत्रक होती. काचेच्या खोलीत बसायचं, समोर माईक, आणि बाहेर सगळा भुदरगड तालुका. कोल्हापूरची गाडी लागली, पाटगावची सुटली, कडगावची अजून आलीच नाही, हे सांगता सांगता मध्येच ती म्हणायची, "फलाट तीनवर थुंकणारं निळ्या शर्टाचं पाव्हणं, तुमालाच बोलतोय, ते पुसून घ्या." आणि माणूस पुसायचा बघा. पुढं विजेच्या गाड्या आल्या, त्यातल्या निम्म्या विनाचालक झाल्या, घोषणा करायला मशीनही बसवलं. पण मशीनचं कोण ऐकतंय? शेवटी निवृत्तीपर्यंत माईकसमोर शैलजाच राहिली.

तोच आवाज संध्याकाळी घरी यायचा. मी रणजित चौगुले, दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. संघात माझ्या शब्दाला वजन होतं. घरात मी आपला सांगितलेल्या फलाटाला उभा. टॉवेल खुर्चीवर का टाकला इथपासून ते माझी आई मला कशी लाडावून गेली इथपर्यंत रोज उद्धार व्हायचा. मी कधी कधी देवाला म्हणायचो, बाबा, एक दिवस तरी शांतता दे.

दिली त्यानं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळ्यांत अख्खं वाक्य तयार दिसायचं, आणि तोंडातून नुसता 'आ' यायचा. ती चिडून डाव्या हातानं उशी फेकायची. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचो, खोटं कशाला सांगू.

वर्षभरानं कोल्हापूरच्या वाचा-केंद्रात तिला कंठी बसवली. आता कंठी गावोगावी दिसते, तेव्हा नवीन होती. आपण बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूच्या एका भागातून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सुटतात. शैलजाचे हुकूम सुटत होते, पण पुढचा रस्ताच खचला होता. म्हणून त्या जागेवर केसाहून बारीक तारांची जाळी बसवतात. हुकूम निघाला की जाळी तो तिथंच पकडते आणि गळ्यातल्या पट्ट्याला कळवते, आणि पट्ट्यातला स्पीकर ते वाक्य बोलतो. तो पट्टा म्हणजे कंठी. आवाज शैलजाचाच, स्टँडवरच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला. मात्र प्रत्येक मेंदूची धाटणी वेगळी. 'मीठ' म्हणताना तिच्या पेशी कशा चमकतात आणि 'मिरची' म्हणताना कशा, हे मशीनला महिनोन्‌महिने शिकावं लागतं. हे शिकलेलं सगळं घरातल्या एका डब्यात साठवलेलं असतं. आमचा डबा देवघराशेजारच्या फळीवर होता.

रोज सकाळी मी तिच्या गळ्यात कंठी घालायचो आणि ती डावा अंगठा त्यावर टेकायची. डब्याला कळायचं की शैलजा चौगुले आल्या. याला लॉगिन म्हणतात. आता हे जरा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथंच आहे. कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये तुम्ही आपल्या नावानं आत शिरलात की तो आधी तुमच्या नावाची एक साधी फाईल उघडतो. ती लॉगिन स्क्रिप्ट. तिच्यात ओळीओळीनं हुकूम लिहिलेले असतात. शैलजाच्या फाईलीत होतं: आवाज एवढा ठेव, शब्द आण, ओळखीच्या माणसांची नावं आण, जाळीशी जोड. कॉम्प्युटर वरून खाली एकेक ओळ मुकाट पाळतो. कुणी लिहिली, का लिहिली, विचारत नाही. आज पाळतो, उद्या पाळतो, ओळ आहे तोवर पाळतो. संघात अशा फायली लिहिण्यात माझा जन्म गेला, म्हणून ही फाईलही मीच लिहिली. केंद्रवाल्यांनी दिलेली मला पसंत नव्हती.

आणि मी लिहिलेली फाईल म्हटल्यावर वर देवाचं नाव हवंच. संघातल्या माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर 'श्री केदारलिंग प्रसन्न' असायचं, केदारलिंग म्हणजे आमचा ज्योतिबा. हाताखालची पोरं हसायची, पण ती ओळ खोडायची कुणाची टाप नव्हती. शैलजाच्या फाईलीत तर मी पहिली ओळ बोलतीच केली. लॉगिन झालं की पहिला हुकूम: 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं' म्हण. त्यामुळं रोज सकाळी तिच्या आवाजात आधी चांगभलं व्हायचं आणि मग माझा उद्धार. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

एकच खोट राहिली होती. आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो, जेवतो' म्हणतात. कंठीला ते पचेना. शैलजानं मनात 'जेवतो' आणलं की कंठी 'मी जेवते' म्हणायची. शैलजाचा नुसता संताप व्हायचा. आपल्या गळ्यात ही कोण पुण्याची बाई बसलीय, असं ती मला पुन्हा पुन्हा विचारायची, तेही त्याच पुस्तकी भाषेत. मग मी शोधाशोध केली. कंठीवाल्या घरच्यांचा एक ग्रुप होता, सुखदुःखाचं बोलायचा. त्यात कुणीतरी 'कोल्हापुरी बोली-जोड, फुकट' असं टाकलं होतं, कंठीला गावची भाषा शिकवणारा छोटा प्रोग्राम. मी ती उतरवून घेतली आणि डब्यात चालवली. दुसऱ्या दिवशी शैलजा म्हणाली, "अवो, च्या ठेवा, तोवर मी तोंड धुतो." म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. त्या दिवशी तिनं मला अस्सल गारगोटी भाषेत तासभर झाडलं, नुसत्या आनंदानं.

महिना दीड महिना असाच गेला. मग एका सकाळी चांगभलं झालं, मी चहा आणून दिला, आणि ती म्हणाली, "लई भारी झालाय."

मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय का म्हणून. माझ्या चहाला आजवर तिनं चहा म्हटलेलं नव्हतं. मग हळूहळू हे रोजचंच झालं. अवो, दमलासा काय? बसा की जरा. तुमी म्हणशीला तसं. माझ्या उपम्याची तारीफ झाली, माझ्या आईची आठवण काढली गेली, तीही चांगली! फिजिओथेरपीवाल्या बाईंना मी सांगितलं की आजारपणानं आमच्या मंडळींचा स्वभाव निवळला. होतं असं, त्या म्हणाल्या. मी खूश. या वयात मला नवी नवरी मिळाली होती आणि तिला आधीपासून माझं सगळं ठाऊक होतं.

फक्त सकाळी कंठी घालताना ती त्रास द्यायला लागली. मान फिरवायची. अंगठा मुठीत दाबून धरायची. कंठीची कडी मानेमागं होती, एकदा घातली की तिला एका हातानं काढता यायची नाही. फिजिओच्या बाई म्हणाल्या, पेशंट रुसतात, तुम्ही नेट सोडू नका. मग मी गोड बोलून, गोंजारून तिची मूठ उघडायचो आणि अंगठा कंठीवर टेकवायचो. एकदा तिनं मला चावा घेतला. चांगभलं झाल्यावर मी विचारलं, का गं चावलीस? तर म्हणाली, "चुकलं माझं. किती करता माझ्यासाठी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

याच सुमाराला घरी पार्सलं यायला लागली. पाय चेपायचं मशीन, कसला तरी हिरवा चहा, गुडघ्याचे पट्टे, हिमालयाच्या सहलीची तिकिटं. हल्ली सही कुठं लागते? फोन येतो, समोरचा विचारतो घ्यायचं का, आपण हो म्हणतो, ती आवाजी मंजुरी. शैलजानं हो म्हटलेलं रेकॉर्डिंगच दुकानवाले ऐकवायचे, आणि आवाज तिचाच होता. मला वाटलं, घरात बसून कंटाळते, करू दे खरेदी. पण गुडघ्याच्या पट्ट्यांची तिसरी खेप आली तेव्हा माझ्यातला संघवाला जागा झाला. मी डबा तपासला.

आत एक उपरा प्रोग्राम सापडला. नाव साळसूद, काम कळेना, पण माझा नव्हता. मी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तपासलं तर आपला जागेवर हजर. परत काढला, परत आला. मी ओळखलं, हा रोज सकाळी नव्यानं येतो. म्हणजे कुणीतरी त्याला रोज सकाळी आत घेतंय, आणि रोज सकाळी आपण होऊन चालणारी घरात एकच गोष्ट होती, लॉगिन स्क्रिप्ट. चोरटे हे फार आवडीनं करतात. खिडकी फोडून एकदा आत शिरायचं आणि मालकाच्या कायमच्या सूचनांत गुपचूप आपली एक ओळ घालायची: सकाळी मागचं दार उघड. मग मालकानं चोराला कितीदाही हाकलू दे, दार उघडायचा हुकूम मालकाच्याच नावानं रोज सुटतो.

मी फाईल उघडली, ओळ न ओळ वाचली. सगळ्या ओळी माझ्या. तरी म्हटलं, धोका नको. पहिली देवाची ओळ तेवढी हात जोडून उचलली, नव्या कोऱ्या फाईलीत ठेवली आणि तिच्याखाली सगळं पुन्हा स्वतःच्या हातानं लिहिलं. दुसऱ्या सकाळी चांगभलं झालं आणि पाव्हणा हजर. परत नवी फाईल केली, परत तेच. असं तीनदा झालं. मी हात टेकले. माझी समजूत झाली की डबाच बिघडलाय.

त्यातच केंद्रातून विचारणा आली. नवी जाळी निघाली होती, मेंदूत आणखी खोल बसवायची, बोलणं जास्त सरळ येतं म्हणे. ऑपरेशन जोखमीचं होतं, त्यांनी काही लपवलं नाही. डॉक्टरांनी फोनवर शैलजालाच विचारलं. ती म्हणाली, "हो, करूया की." तारीख ठरली, पुढचा सोमवार. फोन ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, मी आहे ना, घाबरू नको.

ऑपरेशन आहे म्हणून आमची ऋतुजा नाशिकहून रजा काढून आली. मुलगी आईवर गेलेली, एक ऐकणार नाही. आईनं तिला बघून म्हटलं, "बाळा, किती छान दिसतीस." ऋतुजा बॅग हातात धरून तशीच उभी राहिली. तिला आईनं आयुष्यात बाळा म्हटलेलं नव्हतं. केस का कापलेस, एवढंच तिला अपेक्षित होतं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी आपला अभिमानानं सांगितलं, आता मम्मी अशीच बोलते.

दुपारी मी चहा केला आणि तंद्रीत साखर जास्त पडली. शैलजानं एक घोट घेतला. कंठीतून आवाज आला, "लई भारी झालाय." आणि त्याच क्षणी तिनं डाव्या हातानं कप उलटा मारला. चहा माझ्या पायजम्यावर, बशी जमिनीवर. "असाच करत जावा," कंठी म्हणाली. शैलजा माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. ते डोळे मला ओळखीचे होते. स्टँडवर निळ्या शर्टवाल्याला बघायची तेच.

"पप्पा," ऋतुजा हळू आवाजात म्हणाली, "हे मम्मी बोलत नाही."

मी कंठी काढली. तिच्यासमोर खाली बसलो आणि तिचा डावा हात हातात घेतला. सांगितलं, हो असेल तर दाब, नाही असेल तर सोडून दे. विचारलं, चहा आवडला? हात सुटला. ही पार्सलं तू मागवलीस? सुटला. ऑपरेशन करायचंय? तिनं हात असा झटकला की माझं मनगट दुखलं. मग मला विचारायचं धाडस होईना, पण विचारलं. ते गोड गोड बोलत होती ती तूच? सुटला. तू आतून ओरडत होतीस? तिनं माझा हात दाबला आणि सोडलाच नाही.

दोन महिने माझी बायको स्वतःच्या गळ्यात कोंडली गेली होती. ती 'नको' म्हणायची आणि बाहेर 'हो' पडायचं. ती शिव्या द्यायची आणि बाहेर साखर. तो उपरा प्रोग्राम जाळी आणि स्पीकरच्या मध्ये बसला होता. जिथं नकार दिसेल तिथं होकार घालायचा आणि घरच्यांना संशय येऊ नये म्हणून बाकीचं बोलणंही गोड करायचं, एवढंच त्याचं काम. जगात हो म्हणजे सही असेल तर हो चोरणारे निघणारच. आणि रोज सकाळी तिची मूठ उघडून त्या चोराला दार कोण उघडून देत होता? मी. वर मी पाघळत होतो. ऋतुजानं मला पाणी आणून दिलं.

शुक्रवारी आम्ही तिघं डबा घेऊन केंद्रात गेलो. बेनाडीकर मॅडम तिथल्या वाचा-तज्ज्ञ, बाई चांगल्या. मी सांगितलं, ऑपरेशन थांबवा आणि कंठीचं सगळं पुसून टाका, आत कुणीतरी शिरलंय. त्या म्हणाल्या की नियमानं पेशंटच्या तोंडून ऐकावं लागेल. कंठी चालू केली. त्यांनी शैलजाला विचारलं, पुसायचं का? उत्तर आलं, "सगळं झकास चाललंय की. आहे तसंच राहू दे." शैलजा मान हलवत होती, पण झटक्यानंतर मान आणि हात हो-नाही उलटसुलट करतात, म्हणून कायद्यात ते धरत नाहीत.

"मॅडम, ती हे बोलत नाही," मी म्हणालो.

"चौगुले, या खोलीत बसून प्रत्येक नवरा हेच म्हणतो," मॅडम म्हणाल्या. "म्हातारी फार बोलते, पुसून टाका, असं सांगणारे मी किती पाहिलेत. हा नियम त्यांच्यासाठीच केलाय. मला आत शिरलेला दाखवा, मी आज थांबवते."

बाईंचं चूक नव्हतं. तो उपरा प्रोग्राम मी त्यांना दाखवला, तर म्हणाल्या, ही तर बोली-जोड असू शकते, तुम्हीच बसवलेली. तो पेशंटच्या मर्जीविरुद्ध रोज कसा येतो ते दाखवा. सोमवारपर्यंत वेळ आहे.

शनिवारी सकाळी कंठी काढून ठेवली आणि मी शैलजाला पडद्यासमोर बसवलं. म्हटलं, ही तुझी फाईल, तुझ्या गळ्याची. आता मी एकेक ओळ मोठ्यानं वाचतो, तू ऐक. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, एवढाच विचार होता, तिला त्यातलं ओ का ठो कळत नाही हे मला ठाऊक होतं. मी हात जोडले आणि दुसऱ्या ओळीपासून वाचायला लागलो. तिनं टेबलावर थाप मारली. मी थांबलो. तिनं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

मी म्हटलं, अगं ते चांगभलं आहे, ते काय वाचायचं. परत थाप. मी म्हटलं, देवाची ओळ आहे ती, मी लिहिलीय. तिनं टेबल असं बडवलं की ऋतुजा आतून पळत आली. ठीक आहे बाई, वाचतो. वाचली. ज्योतिबाच्या नावानं चांगभलं. पुढं? ती बोटानं पुढं पुढं अशी खूण करत होती. पुढं काही नाही गं, संपली ओळ, बघ, असं म्हणून ओळीचा शेवट दाखवायला मी शेवटावर नेणारी कळ दाबली.

पडदा सरकला. उजवीकडं सरकतच गेला. मोकळी जागा, मोकळी जागा, नुसती मोकळी जागा, आणि पार तिकडं, पडद्याच्या कडेच्या कितीतरी बाहेर, बारीक अक्षरांत आणखी एक हुकूम. चांगभलंनंतर एक अर्धविराम टाकला होता. अर्धविराम दिसला की कॉम्प्युटर त्याच ओळीत दुसरा हुकूम पाळायला तयार होतो. दूरवरच्या एका पत्त्यावरून प्रोग्राम आण, चालव, आणि काही विचारलं तर गप्प राहा.

बोली-जोडीनं पहिला महिना दीड महिना गुमान राहून तिचं बोलणं शिकून घेतलं होतं, माझी फाईल चाळली होती आणि बसायला जागा निवडली होती. आमच्यासारखी माणसं सगळं खोडतील पण देवाच्या ओळीला हात लावणार नाहीत, हे त्या मेल्याला बरोबर कळलं होतं. तीनदा घर धुऊन काढलं मी, आणि तीनदा चोराला हात जोडून, आदरानं उचलून नव्या घरात नेऊन बसवलं! मला हसू आलं आणि रडूही आलं. चांगभलं संपलं की आपला गळा परका होतो, हे ती रोज सकाळी भोगत होती, म्हणून तिचं बोट त्या ओळीवरून हलत नव्हतं. शैलजा माझ्याकडं अशी बघत होती की कंठी नसतानाही मला सगळं ऐकू येत होतं.

त्याच दिवशी डबा घेऊन केंद्र गाठलं आणि बेनाडीकर मॅडमना मी ती ओळ दाखवली. त्यांनी स्वतः कळ दाबून पाहिली, दोनदा पाहिली, मग खुर्चीत मागं टेकल्या. ऑपरेशन त्यांनी तिथल्या तिथं रद्द करायला लावलं. कंठीत घुसखोरी सिद्ध झाली तर तिचा आवाज धरायचा नाही, पेशंटला एकांतात हातानं विचारायचं, असंही त्याच नियमात पुढं होतं. पण त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मलाही माहीत होती. नुसती ओळ खोडून भागणार नाही. जो दोन महिने आत राहिला त्यानं आणखी कुठं भोकं पाडली असतील, कुणी सांगावं. डबा मुळापासून पुसावा लागेल. म्हणजे मशीन जे काही शिकलं होतं ते सगळं जाणार. मीठ, मिरची, ऋतुजा, पाटगावची गाडी, सगळं. आणि या वयात ते सगळं परत शिकता येईलच, अशी हमी मॅडम देत नव्हत्या.

 नुसती ओळ खोडून कंठी घातली असती तर बहुतेक ती माझ्याशी बोलली असती, खरीखुरी ती. पण ते बहुतेकच. आता ती जे बोलेल ते तिचंच का, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नसता. तिच्या तर नाहीच. मॅडमनी मला आणि ऋतुजाला बाहेर पाठवलं, दार लावलं. थोड्या वेळानं उघडलं. म्हणाल्या, पुसायचंय. किती ठाम आहेत ते विचारू नका, माझी बोटं अजून दुखतायत.

मग नव्यानं श्रीगणेशा. या खेपेला कंठीची कडी मॅडमनी पुढं लावून दिली, तिला एका हातानं निघेल अशी. नवी फाईल केंद्रवाल्यांनी लिहिली, मी शेजारी बसून एकेक ओळ शेवटापर्यंत वाचली. शिकवायची रीत अशी की पहिला एकच शब्द घ्यायचा. पेशंटनं तो मनात पुन्हा पुन्हा म्हणायचा, मशीन ऐकत राहतं, आणि मेंदूची खूण पटली की कंठी तो शब्द बोलते. मग दुसरा. शब्द कोणता घ्यायचा ते पेशंट ठरवतो, पाटीवरच्या शब्दांवर बोट ठेवून. मॅडम म्हणाल्या, बहुतेक जण पाणी घेतात, काही जण जोडीदाराचं नाव घेतात. माझ्याकडं बघून हसल्या. शैलजानं आयुष्यात माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

तिनं बोट कशावर ठेवलं ते मॅडमनी मला सांगितलं नाही. कित्येक दिवस ती डोळे मिटून बसायची, कपाळावर शीर तटतटायची, आणि कंठीतून नुसती खरखर यायची. मी पंखा घालायचो. एकदा वाटलं, हे आता व्हायचं नाही. त्या दुपारी मी नेहमीसारखा चहाचा कप तिच्यापुढं धरला आणि कंठीतून आवाज आला, स्टँडवरचा, खणखणीत.

"नको."

 तिनं डोळे मोठे केले, स्वतःचाच आवाज ऐकून. "नको," ती परत म्हणाली. "नको. नको." आणि हसायला लागली, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

मी खुर्ची ओढून समोर बसलो. पाय चेपायचं मशीन? "नको." हिरवा चहा? "नको." हिमालय? "नको." डोक्याचं ऑपरेशन? "नको!" दोन महिन्यांत तिच्या नावावर जे जे हो पडलं होतं ते ते मी एकेक करून विचारलं, आणि तिनं एकेकाला निकालात काढलं. ऋतुजाही मध्ये घुसली, विचारलं, मला बाळा म्हणायचं? "नको." दारात मॅडम उभ्या होत्या, त्याही डोळे पुसत होत्या.

माझे प्रश्न संपले. एकच राहिला होता. तो विचारू नये हे मला कळत होतं, तिच्याजवळ एकच शब्द होता. पण त्या दोन महिन्यांत रोज सकाळी मी तिची मूठ उघडत होतो, ते मला गिळता येत नव्हतं.

"आणि मी गं?" मी विचारलं.

 तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं डावा हात वर केला, गळ्यातली कंठी काढली, बटण बंद केलं आणि ती लांब टेबलाच्या पार कडेला सरकवून दिली. आणि त्याच हातानं माझा कान धरून चांगला पिळला.